पदरचे फासे

सोलापुरांतील एका जुन्या घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. दप्तरांत इनामाचे कागद, वहीखात्याचीं सुटीं पानें आणि एक शिसवी डबी होती. डबींतून हस्तिदंताचे तीन लांबट फासे निघाले. दप्तराच्या मालकांनीं कागदांपेक्षां ह्या डबीविषयींच आमच्याजवळ अधिक चौकशी केली. त्यांच्या पणजोबांस सारीपाटाचा मोठा नाद होता. कोणाच्याहि वाड्यांत डाव मांडला तरी ते पदरचे फासे घेऊन जात व त्यांवांचून खेळत नसत, अशी घरांतली आठवण आहे. ह्या आठवणीला चिकटून दुसरी एक आठवण चालत आली होती. ते फासे सरळ नव्हते, असें लोक म्हणत. तिहींपैकीं एक फासा इतर दोहोंहून चपटा आहे, हें नुसत्या डोळ्यांसहि दिसतें. तेव्हां पणजोबा कपटी होते काय, एवढेंच त्यांनीं आम्हांस विचारलें. आणि विचारतांना उत्तराची त्यांस धास्ती वाटत असल्याचें आमच्या ध्यानांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

प्रश्न घरगुती खरा, पण त्याचें उत्तर देण्यापूर्वीं दोन गोष्टी एकमेकींपासून निवडून काढाव्या लागतात. फासा खोटा असणें ही एक गोष्ट, आणि फासा स्वतःचा असणें ही दुसरी. आपल्या प्राचीन व्यवहारशास्त्रानें ह्यांतील भेद फार बारकाईनें पाहिला आहे. लोकांच्या बोलण्यांत मात्र तो राहिला नाहीं. जुन्या वस्तूंचा संग्रह करणारी आमची मंडळीहि ह्या बाबतींत निर्दोष नाहीं. विषम फासा हातीं आला कीं त्याच्या चिठ्ठीवर 'कपटाचा फासा' असें लिहून ती मोकळी होतात, आणि एका मेलेल्या माणसाच्या नांवास कायमचा बट्टा लागतो. म्हणून हा विषय थोडा विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तूचें वर्णन. फासे बोटभर लांबीचे व चार पैलूंचे आहेत. टोंकें कोरीं असून फासा टोंकावर उभा राहत नाहीं, म्हणून पडावयाचा तो चार पैलूंपैकीं एकावरच. पैलूंवर वर्तुळ व त्याच्या मध्यें बिंदु अशा खुणा असून त्या एक, दोन, पांच व सहा अशा आहेत. एकाच्या पाठीस सहा, दोहोंच्या पाठीस पांच. तीन व चार हे अंक ह्या जोडावर नाहींत. दुसऱ्या कांहीं जोडांवर एक, तीन, चार, सहा असा क्रम आढळतो. अबुल फजलानें 'ऐने अकबरी'मध्यें चौपटाचें जें वर्णन केलें आहे, त्यांतहि सोळा सोंगट्या, चार भुजांचा पट, प्रत्येक भुजेंत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, आणि एक, दोन, पांच, सहा अशा खुणांचे तीन फासे सांगितले आहेत. अकबराच्या वाड्यांत दोन-दोनशें खेळाडू ह्या खेळांत गुंतत, सोळा डाव पुरे झाल्यावांचून कोणास घरीं जातां येत नसे, कित्येकदां तीन-तीन महिने त्यांत जात, आणि जो कंटाळा करील त्यास मद्याचा पेला रिचवावा लागे, असें तो लिहितो. आमच्याकडील सारीपाट तो हाच. दोन फाशांवर सहा-सहा व तिसऱ्यावर एक असें दान पडलें म्हणजे तो पोबारा. सोंगटी एका दमांत तेरा घरें पळते. पळून जाण्यास मराठींत 'पोबारा करणें' म्हणतात तें ह्यावरूनच.

तीन फाशांचीं चौसष्ट प्रकारें दानें पडूं शकतात व त्यांतील तीन प्रकारांनीं पोबारा साधतो. हा हिशेब पुढें लागणार आहे, तो वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. वेदांतील व महाभारतांतील 'अक्ष' हा शब्द दिसला कीं त्याचा अर्थ असा चौपैलू फासा असा करूं नये. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त हें जुगाऱ्याचें सूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांतील अक्ष म्हणजे बिभीतकाचीं, अर्थात् बेहड्याचीं फळें होत. त्यांवर खुणा नसत. मोठ्या राशींतून मूठभर उचलून तीं चारांच्या हिशेबानें मोजीत, व बाकी काय उरते त्यावर कृत, त्रेता, द्वापर, कलि हीं दानें ठरत. अशा खेळांत फळ 'भारलेलें' असण्यास अर्थ नाहीं. तेथें कौशल्य डोळ्याचें व हाताचें. नलोपाख्यानांत ऋतुपर्ण राजा वाटेवरच्या बेहड्याचीं पानेंफळें एका दृष्टिक्षेपांत मोजतो, आणि तीच विद्या अक्षहृदय म्हणून नळास देतो, ह्याचा उलगडा अशानेंच होतो. खुणांचे घनाकृति फासे मात्र त्याहूनहि जुन्या सिंधुसंस्कृतींत सांपडले आहेत. मोहेंजोदडो येथील फाशांवर एकासमोर दोन, तिहींसमोर चार, पांचांसमोर सहा अशी मांडणी आहे. समोरासमोरील बाजूंची बेरीज सात असावी हा नियम तेथें नाहीं. तेव्हां बेरीज सात येत नाहीं एवढ्यावरून कोणताहि जुना फासा खोटा ठरवितां येत नाहीं.

आतां शास्त्राकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हातीं लागून इ. स. १९०९ मध्यें ती छापली गेली, त्यामुळें ह्या विषयावरील सर्वांत तपशीलवार वचनें आपणांस उपलब्ध झालीं. तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायांत द्यूतसमाह्वयाचा विचार आहे. द्यूताध्यक्षानें द्यूत एकाच ठिकाणीं चालवावें. अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड. हेतु हा कीं, गुप्तपणें उपजीविका करणारे चोर-चिलट त्यामुळें उघडकीस यावेत. अध्यक्षानें शुद्ध कवड्या व शुद्ध अक्ष खेळणाऱ्यांपुढें ठेवावेत. त्यांच्या जागीं कोणी दुसरे ठेवील तर त्यास बारा पण दंड. खोटें कर्म करील तर पूर्वसाहसदंड, म्हणजे अठ्ठेचाळीस ते शहाण्णव पण, आणि जिंकलेलें धनहि काढून घ्यावें. आणि हातचलाखी करील तर वर चोरीचा दंड. जिंकलेल्या धनांतून शेंकडा पांच अध्यक्षानें घ्यावे. शिवाय कवड्या, अक्ष, चामड्याचे पट्टे व शलाका यांचें भाडें, आणि पाणी व जागा यांचेंहि मोल घ्यावें.

ह्या वचनांतील दंडांची चढती पायरी वाचकांनीं नीट पाहावी. नुसते आपले फासे पुढें केले, मग ते खरे असोत वा खोटे, तरी बारा पण. ते खोटे ठरले तर त्याच्या चौपट ते आठपट. म्हणजे पदरचे फासे वापरणें हा कौटिल्याच्या मतें अपराध आहे, पण कपटाचा नव्हे. तो दंड आणि अध्यक्षाची जागा सोडून भलतीकडे खेळण्याचा दंड अगदीं सारखा आहे. दोहोंत दोष एकच: सर्वांसाठीं ठेवलेलें एक साधन टाळून खेळाडू आपल्या सोयीच्या साधनाकडे जातो. राजास भाड्याचें उत्पन्न बुडतें हें कारण आहेच, तें कौटिल्य झांकून ठेवीत नाहीं; परंतु 'शुद्ध' हें विशेषण त्यानें उगीच घातलेलें नाहीं. खेळाडू प्रायः खोटेच खेळतात असें त्याचें स्पष्ट मत आहे. हरलेल्यानें फिर्याद केल्यास त्यास जिंकणाऱ्याहून अधिक दंड करावा, असें पूर्वाचार्य म्हणत. कारण हरणारा मूर्ख असून पराजय सोशीत नाहीं. कौटिल्यानें हें मत नाकारलें. हरलेल्यासच दुप्पट मारलें तर राजाकडे कोणी येणारच नाहीं, ही त्याची अडचण. फसलेल्या माणसाचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें पाहिजे असें म्हणणारा एवढ्या जुन्या काळांत कोणी होता, हें आम्हांस विशेष वाटतें.

आतां आपल्या प्रांताकडे येऊं. सोलापूर व त्याचा परिसर बाराव्या शतकाच्या आरंभीं कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत होता. पुढें ज्या कलचुरि बिज्जलानें तें राज्य बळकाविलें त्याचा संबंध सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्याशीं आहे. चालुक्य विक्रमादित्य सहावा (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या कल्याणींत विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. त्याच विक्रमादित्याचा पुत्र सोमेश्वर तिसरा यानें 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, आणि त्याच्या क्रीडाविंशतींत चतुरंग, पाशक व वराटिका ह्या क्रीडांस स्वतंत्र अध्याय दिले. बापाच्या पदरीं असलेल्या शास्त्र्यानें फाशांच्या कपटास शासन सांगावें व मुलानें फाशांची क्रीडा राजास शोभणारी म्हणून वर्णावी, हा योग मौजेचा आहे. दोहोंत विरोध मात्र नाहीं. मनूनें द्यूत राज्यांतून समूळ काढून टाकण्यास सांगितलें. याज्ञवल्क्यानें तें राजाच्या नजरेखालीं चालूं दिलें, आणि दक्षिणेंत मिताक्षरेच्या द्वारें तोच पक्ष चालला.

मिताक्षरेंतील सभिक ह्या शब्दाची व्याख्या आमच्या प्रश्नास नेमकी लागू पडते. ज्याची सभा, म्हणजे जुगाऱ्यांच्या बैठकीची जागा आहे, आणि अक्षादि खेळाचीं सगळीं साधनें जो सिद्ध ठेवतो व त्यावर पोट भरतो, तो सभिक. फासे खेळाडूचे नव्हेत; ते घराचे. शंभर वा अधिक जिंकणाऱ्याकडून सभिकानें शेंकडा पांच घ्यावे, इतरांकडून दहा, आणि राजाचा भाग राजास पोंचवून जिंकलेल्याचें धन त्यास वसूल करून द्यावें. 'मृच्छकटिका'तील माथुर हा असा सभिक आहे. दहा सुवर्ण बुडवून पळालेला संवाहक ओसाड देवळांत मूर्ति होऊन उभा राहतो. माथुर व त्याचा सोबती त्याच्यासमोरच फासे खुळखुळवूं लागतात, आणि त्या आवाजासरशी मूर्तीस धीर निघत नाहीं. सभिकाच्या हातीं फासे असण्याचा हाहि एक उपयोग.

तंटा पडल्यास तो कोणीं पाहावा? याज्ञवल्क्याचें उत्तर: जुगाऱ्यांच्या व्यवहारांत पाहणारे व साक्षी जुगारीच असावेत. हाच स्मृतिकार अन्यत्र, साक्षीस अयोग्य माणसांच्या यादींत, जुगाऱ्याचें नांव घालतो. एरवीं ज्याच्या शब्दास किंमत नाहीं, त्याचाच शब्द फाशांच्या तंट्यांत प्रमाण मानला, कारण फाशाची खोड त्याच्यावांचून दुसऱ्यास कळत नाहीं. खोट्या अक्षांनीं किंवा उपधीनें खेळणाऱ्यास डाग देऊन राज्याबाहेर घालवावें, असें स्मृतीचें शासन आहे. मिताक्षरा म्हणते, डाग कुत्र्याच्या पावलाचा किंवा तशाच दुसऱ्या खुणेचा. उपधि म्हणजे बुद्धीस भुरळ पाडणारे मणि, मंत्र, औषध इत्यादि उपाय. नारदानें त्यांत आणखी एक भर घातली. अशा माणसाच्या गळ्यांत फाशांची माळ घालून त्यास हांकून द्यावें. पदरचे फासे गळ्यांत येण्याचा हा प्रकार!

परदेशांतहि ह्याच वाटेनें माणसें गेलीं आहेत. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो यानें इ. स. १२७६ मध्यें जुगारखान्यांसाठीं नियमावली करून खोट्या फाशांस दंड सांगितले. लंडन येथें टेम्स नदीच्या कांठीं पंधराव्या शतकांतील एक लहानसें कथिलमिश्रित धातूचें भांडें सांपडलें. त्यांत चोवीस इवलेसे फासे होते. अठरांत पारा भरलेला, तिहींवर केवळ एक ते तीन व उरलेल्या तिहींवर केवळ चार ते सहा हेच अंक दोन-दोनदां कोरलेले. खरा कूटाक्ष पाहावयाचा असेल तर तो असा असतो: त्यांत कर्त्याच्या हेतूविषयीं संशयास जागाच उरत नाहीं. आमच्याकडे मुंबई सरकारच्या इ. स. १८८७ च्या चौथ्या कायद्यानें जुगाराच्या घराची व्याख्या करतांना, घराच्या वा साधनांच्या वापराबद्दल घेतलेलें भाडें हीच मुख्य खूण धरली. कौटिल्यानें जें अध्यक्षाचें कर्तव्य म्हणून सांगितलें तेंच इंग्रजी कायद्यानें अपराधाचें लक्षण ठरविलें. खेळ घरांत व ओसरीवर गेला तो असा, आणि सभिक नाहींसा झाल्यावर फासे कोणाचे हा प्रश्न पुन्हा खेळाडूंवर येऊन पडला.

महाभारतांत हा प्रश्न दोनदां येतो. सभापर्वांत दुर्योधन पणाचें धन देणार व शकुनि त्याच्यावतीनें खेळणार असें ठरतें, तेव्हां एकाच्या वतीनें दुसऱ्यानें खेळणें आपणांस विषम वाटतें, असें युधिष्ठिर बोलून दाखवितो. त्याचा आक्षेप खेळणाऱ्यावर आहे, फाशांवर नाहीं. आणि आक्षेप घेऊनहि तो बसतो तो बसतोच. शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते ही कथा घरोघर सांगतात, पुण्याच्या भांडारकर संस्थेनें सिद्ध केलेल्या सभापर्वांत (संपादक एजर्टन, इ. स. १९४४) ती नाहीं. लोकांस शकुनीचें कौशल्य पुरेसें वाटलें नाहीं. त्यांस फाशांतच कांहीं तरी हवें होतें. नलोपाख्यानांत तर द्वापर स्वतः फाशांत शिरतो, असें ग्रंथकारच सांगतो. नशीब फिरलें कीं फाशास दोष देण्याची चाल किती जुनी आहे हें ह्यावरून दिसेल.

दुसरें स्थळ विराटपर्वांतलें, आणि पदरच्या फाशांचें आम्हांस माहीत असलेलें सर्वांत उघड उदाहरण तेंच. अज्ञातवासासाठीं कंक हें नांव घेऊन युधिष्ठिर विराटाच्या सभेंत येतो तो आपले अक्ष वस्त्रांत गुंडाळून कांखेंत धरून येतो. वैडूर्याचे, सोन्याचे, हस्तिदंताचे, काळे व तांबडे असे ते वर्णिले आहेत. त्यांतील कांहीं सोंगट्या असाव्यात असा अर्थ घेण्यासहि जागा आहे. ज्यानें एकदां दुसऱ्याच्या सभेंत सर्वस्व घालविलें, तो पुन्हा खेळावयास जातांना स्वतःचीं साधनें घेऊन जातो, ह्यांत कवीनें मोठी मार्मिकता दाखविली आहे. विराटानें त्याच्याबद्दल संशय घेतलेला नाहीं. उलट कंकच अट घालतो कीं, खेळावरून हीन माणसाशीं आपला वाद होऊं नये, आणि आपण जिंकलेल्या मनुष्यानें जिंकलेलें धन दाबून ठेवूं नये. पुढें संतापाच्या भरांत विराट हातांतला अक्ष कंकाच्या तोंडावर फेकून मारतो व रक्त काढतो. पण त्याचें कारण बृहन्नडेची स्तुति हें होतें, खेळांतला खोटेपणा नव्हे.

लोककथेकडे पाहतां सारीपाटाचा सर्वांत प्रसिद्ध डाव आमच्या देशीं खंडोबा व म्हाळसा यांचा. सोलापुराजवळ बाळें येथें खंडोबाचें देऊळ आहे आणि धनगरांच्या गाण्यांतून ही कथा ह्या भागांत सर्वांस ठाऊक आहे. देव डाव हरला, पणाप्रमाणें बारा वर्षें घर सोडून गेला, आणि वेष पालटून बाणाईच्या बापाची मेंढरें राखीत राहिला. बाणाई पुढें त्याची दुसरी बायको झाली हें लक्षांत घेतां, ती हार मुद्दामच पत्करलेली होती असें ऐकणाराच्या मनांत येतेंच. जिंकण्यासाठीं केलेल्या कपटास स्मृतींत शासन आहे. हरण्यासाठीं केलेल्या कपटाचा विचार कोणाहि शास्त्रकारानें केलेला नाहीं! फासे कोणाचे होते हें कथा विचारीत नाहीं. नवराबायकोच्या पटावर तो प्रश्नच उठत नाहीं, फासे घरचे.

ह्या सर्वांवरून मूळ मुद्दा असा दिसतो. सारीपाटांत फाशांचा जोड एकच असतो व तो सर्वांच्या हातीं फिरतो. त्यांतील एखादा फासा विषम असला तर ती विषमता सर्वांच्या दानांत सारखीच उतरते. फाशामुळें कोणा एकाचा लाभ होत नाहीं. लाभ होतो तो माहितीनें. ह्या फाशावर पांच अधिक पडतात हें ज्यास ठाऊक आहे, तो आपली सोंगटी प्रतिपक्ष्याच्या सोंगटीपुढें किती घरांवर ठेवावी हें त्या धोरणानें ठरवितो. दुसरा अंधारांत चालतो. अक्षहृदयाचा अर्थ खुणांच्या फाशांस लावावयाचा झाल्यास तो हाच. कवड्यांच्या पटावर तर ही गोष्ट आणखी स्पष्ट आहे. कवडी उताणी व पालथी सारख्याच वेळां पडते असा नियम नाहीं. तिच्या पोटाच्या व पाठीच्या घडणीप्रमाणें तें बदलतें. म्हणून एका कवड्यांनीं सर्वांनीं खेळावें, मध्येंच कवड्या बदलूं नयेत, ही चाल जुन्या बायका कटाक्षानें पाळतात.

जेथें प्रत्येकजण केवळ आपलाच फासा टाकतो तेथें मात्र सगळा हिशेब बदलतो. हल्लीं पुण्यामुंबईकडील तरुण मंडळी इ. स. १९७४ मध्यें अमेरिकेंत निघालेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' व त्यासारखे दुसरे कथात्मक खेळ खेळतात. त्यांत चार, आठ, बारा, वीस अशा पैलूंचे फासे लागतात आणि हौशी खेळाडू आपापली थैली बरोबर आणतो. दुसऱ्याच्या फाशास न विचारतां हात लावूं नये, असा त्यांच्यांतला एक शिष्टाचार आहे. त्यांत प्रेम आहे, थोडें देवभोळेपणहि आहे. परंतु विषमता येथें एकाच्याच पदरांत पडते, म्हणून ज्याच्याविषयीं शंका आली त्याचा फासा मागून घेऊन सर्वांनीं टाकून पाहावा, अथवा पटाच्या मध्यें एकच जोड ठेवावा, हाच उपाय उरतो. आणि तो कौटिल्याचाच उपाय आहे.

आतां त्या चपट्या फाशाकडे. तो मोजून पाहतां त्याच्या रुंद बाजू दोन व पांच ह्यांच्या आहेत, अरुंद बाजू एक व सहा ह्यांच्या. रुंद बाजू अधिक वेळां वर येणार हें उघड. उदाहरणादाखल, दहांतून तीन-तीन वेळां दोन व पांच, आणि दोन-दोन वेळां एक व सहा पडतात असें धरूं. चारहि बाजू सारख्या असतां एका फाशाच्या दानाची सरासरी साडेतीन. ह्या विषम फाशाचीहि साडेतीनच, कारण दोन व पांच ह्यांची बेरीज सात आणि एक व सहा ह्यांचीहि सातच. सोंगट्यांची एकंदर चाल ह्या फाशानें वाढत नाहीं. पोबारा मात्र कमी होतो. पोबाऱ्यास एक किंवा सहा लागतात, आणि ह्या फाशावर तेच दुर्मिळ. पूर्वीं चौसष्टांत तीन असा जो संभव होता तो आतां ऐंशींत तीन इतका उतरतो. जो कपट करावयास बसला, तो आपल्या सर्वांत मोठ्या दानास असा कधींच सुरुंग लावणार नाहीं. त्याला फासा चपटा करावयाचाच होता तर त्यानें एक व सहा ह्या बाजू रुंद ठेवल्या असत्या. किंवा सहाच्या पाठीकडील बाजूंत शिसें भरलें असतें.

शिसें भरलें आहे काय तेंहि आम्हीं पाहिलें. येथें संग्राहकांसाठीं दोन शब्द. फासा मिठाच्या पाण्यांत तरंगत ठेवून कोणती बाजू वर येते तें पाहण्याची युक्ति हल्लीं सांगतात. ती प्लास्टिकच्या फाशांपुरती ठीक आहे. हस्तिदंत व हाड दोन्ही मिठाच्या पाण्याहून जड. फासा बुडेल, कळणार कांहींच नाहीं, आणि भिजल्यानें हस्तिदंतास चिरा मात्र पडतील. लांबट फाशास सोपी परीक्षा ही कीं, दोन समांतर कांचेच्या कांड्यांवर तो हलक्या हातानें घोळवावा. जड बाजू असेल तर ती वारंवार खालीं येऊन थांबते. खुणांच्या बिंदूंकडे भिंगानें पाहावें. भरलेलें भोंक बुजविलें असल्यास तेथला रंग व पोत निराळा दिसतो. टोंकाच्या कोऱ्या भागावर एकमेकांस छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसली तर तो हस्तिदंत, काळपट ठिपके व रेघा दिसल्या तर हाड. आमच्या जोडांतील तिन्ही फासे हस्तिदंताचे आहेत. चपट्या फाशावर बुजविलेलें भोंक नाहीं, व कांड्यांवर तो कोणत्याहि एका बाजूस ओढ दाखवीत नाहीं. मात्र त्याच्यावरील रेषांची जाळी इतर दोहोंहून वेगळ्या वळणाची आहे, आणि त्याचे वर्तुळ-बिंदु दुसऱ्या सामत्यानें पाडलेले दिसतात. तो मूळ जोडांतला नव्हे. हरवलेल्या फाशाच्या जागीं, हातीं आलेल्या पातळ तुकड्यांतून, तो मागाहून करविलेला असावा. (अशा वस्तु विकत घेण्याच्या भरीस कोणी पडूं नये. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें व त्यांतील पुढील सुधारणांन्वयें हस्तिदंताची खरेदीविक्री निषिद्ध आहे; ज्याच्या घरीं वडिलोपार्जित वस्तु असेल त्यानें आपले कागद नीट ठेवावेत.)

एवढें झाल्यावर आम्हीं वहीखात्याचीं सुटीं पानें पुन्हा काढलीं. दिवाळीच्या खर्चाच्या एका पानावर, वातींच्या व तेलाच्या रकमांखालीं, एका फाशाच्या घडणावळीची मोडींत नोंद मिळाली. एकाच फाशाची, तिहींची नव्हे. बलिप्रतिपदेस, म्हणजे कार्तिक शुद्ध १ ला, शिवपार्वतींच्या द्यूताचें स्मरण म्हणून पट मांडण्याची चाल आहे. त्या दिवसासाठीं जोड पुरा करून घेतला असावा.

पदरचे फासे घेऊन दुसऱ्याच्या वाड्यांत जाण्याची जी संवय, ती राहिलीच. तिचा दोष आम्ही झांकीत नाहीं. चपट्या फाशाची खोड पणजोबांस ठाऊक असणार, यजमानास नसणार. यजमानानें दुसरा जोड पुढें केला असतां त्यांनीं तो घ्यावयास पाहिजे होता. कौटिल्याच्या मापानें हा अपराध बारा पणांचा. कपटाचा दंड त्याहून कितीतरी मोठा, आणि तो लावण्यास ह्या तीन फाशांत कांहीं आधार नाहीं. मालकांस आम्हीं असेंच कळविलें. त्यांनीं डबी परत घेतांना विचारलें कीं, यंदा दिवाळींत ह्याच फाशांनीं खेळावें कीं नाहीं. खेळावें, पण चपटा फासा कोणता तें पटावर बसणाऱ्या सर्वांस आधीं दाखवावें, असें आम्हीं सांगितलें.